माणशी जमीन किती? : सेमाडोहच्या शिवारावरून एक पाठ

(इयत्ता चौथी ते सातवीस शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)



भूगोलाच्या तासाला आपण पृथ्वीचा गोल मुलांसमोर ठेवतो. त्यावरील खंडांचे विस्तीर्ण पट्टे पाहून जमीन अफाट आहे आणि ती कधी अपुरी पडावयाची नाही, असा मुलांचा समज होतो. गणिताच्या तासाला आपण लोकसंख्येचे मोठमोठे आकडे फळ्यावर लिहितो आणि मुले ते वाचावयास शिकतात. तथापि या दोन तासांची गाठ आपण क्वचितच घालून देतो. जमीन आहे तेवढीच राहून तिच्यावर जेवणारी तोंडे वाढू लागली म्हणजे काय होते, हा प्रश्न त्यामुळे मुलांपुढे उभाच राहत नाही. प्रस्तुत पाठात ही गाठ घालावयाची आहे. त्यासाठी दूरदेशीचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे गाव या प्रश्नाचे लहानसे पण संपूर्ण चित्र आपल्यापुढे ठेवते.

पाठाचा हेतू

पाठ संपल्यावर विद्यार्थ्यांस तीन गोष्टी समजाव्यात. शेतीची जमीन मर्यादित असून माणशी तिचा वाटा कसा घटत गेला, हे त्यांना स्वतः हिशेब करून सांगता यावे. जमीन न वाढताही धान्य कसे वाढले आणि त्या वाढीला मर्यादा कोणत्या, हे त्यांना कळावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. धान्य पिकणे आणि ते भुकेलेल्याच्या ताटात पोहोचणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत, हे त्यांच्या मनावर ठसावे.

सेमाडोहचे शिवार

परतवाड्याहून घाट चढून धारणीकडे जाणाऱ्या मार्गावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह वसलेले आहे. सातपुड्याची जी रांग गाविलगडचे डोंगर म्हणून ओळखली जाते, तिच्या कुशीत हा सारा मेळघाटचा मुलूख पसरला आहे. चोहोबाजूंस सागाचे वन आहे. पावसाळ्यात डोंगरउतारावरून ओहोळ धावतात, नद्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत ठिकठिकाणी डोहच तेवढे शिल्लक राहतात. वस्ती प्रामुख्याने कोरकू समाजाची आहे. त्यांची बोली मराठीहून सर्वस्वी निराळ्या अशा मुंडा भाषाकुलातील असून, तेथे शिकविणाऱ्या शिक्षकाने हे सदैव ध्यानात ठेवावे लागते.

आता या गावाच्या जमिनीचा विचार करू. मैदानातील गाव वाढले म्हणजे पडीत जमीन मोडून नवे शेत काढण्याची थोडीफार सोय असते, निदान पूर्वी होती. सेमाडोहला तशी सोय नाही. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली आणि तिच्यात प्रारंभी जी नऊ वनक्षेत्रे निवडली गेली, त्यांत मेळघाट हे एक होते. सेमाडोह या प्रकल्पाच्या क्षेत्रात येते. गावठाण आणि गावची शेते सोडली की राखीव वनाची हद्द लागते. तेव्हा शिवार आहे तेवढेच राहणार, हे येथे गृहीतच आहे. जमीनही काळ्या कसदार मैदानासारखी नाही. ती उताराची, पुष्कळ ठिकाणी हलकी आणि मुरमाड आहे. शेती मुख्यत्वे पावसाच्या पाण्यावर होते. पीक उभे राहिले की रानडुकरे आणि चितळ शेतात उतरतात, म्हणून मचाण बांधून रात्रीची जागल करावी लागते.

जमीन वाढत नाही, पण घरे वाढतात. बापाचे शेत मुलांत वाटले जाते, मुलांचे नातवांत. शेतातून वर्षाचे धान्य निघेनासे झाले की दिवाळीनंतर मेळघाटातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी खाली मैदानात उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. त्या काळात वर्गातील काही जागा रिकाम्या दिसतात. त्या रिकाम्या जागांचा आणि जमिनीच्या वाटण्यांचा संबंध आहे, ही गोष्ट हजेरीपटावर लिहिलेली नसते, पण ती शिक्षकाने जाणली पाहिजे.

वाटणीचा हिशेब

हा मुद्दा मुलांना गणितानेच पटवून द्यावा. समजा, एक शेत २६४ फूट लांब व १६५ फूट रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर भरते. तीन वारसांनी ते लांबीच्या दिशेने सारखे वाटून घेतले. प्रत्येकाच्या वाट्यास ५५ फूट रुंदीची पट्टी आली. मध्ये दोन नवे बांध घालावे लागले. प्रत्येक बांध ३ फूट रुंद धरला, तर दोन्ही बांधांखाली १,५८४ चौरस फूट जमीन गेली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हा जवळजवळ दीड गुंठा जमीन पिकातून नाहीशी झाली आणि उरलेल्या अरुंद पट्ट्यांत बैलजोडी वळविणेही कठीण झाले.

हे काल्पनिक उदाहरण झाले. आता प्रत्यक्ष आकडे पाहू. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ही सरासरी १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत ती एकतृतीयांशाहूनही कमी झाली. जमिनीचे असे तुकडे पडू नयेत म्हणून त्या वेळच्या मुंबई राज्याने १९४७ सालीच तुकडेबंदीचा कायदा केला होता. परंतु शेतीवाचून दुसरा आधार नसेल तर केवळ कायद्याने वाटणी थांबत नाही, असा अनुभव आहे.

जगाचा हिशेब

सेमाडोहच्या शिवाराला जशी वनाची हद्द आहे, तशी पृथ्वीच्या शिवारालाही हद्द आहे. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. उरलेल्या जमिनीत बर्फ, वाळवंटे, उंच पर्वत आणि अरण्ये वजा जाता नांगराखाली येण्याजोगा भाग थोडाच राहतो.

१९६० साली जगाची लोकसंख्या सुमारे ३०० कोटी होती. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती ८०० कोटींवर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. राष्ट्रसंघाच्या २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या नवव्या दशकात ती सुमारे १,०३० कोटींपर्यंत जाईल व नंतर हळूहळू उतरू लागेल. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या हिशेबाप्रमाणे १९६१ साली जगात माणशी सुमारे ४५ आर पिकाऊ जमीन होती. २०१६ साली ती २१ आर राहिली. (शंभर आर म्हणजे एक हेक्टर. एक आर आणि एक गुंठा हे जवळजवळ सारखेच.)

आपल्या देशाचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा.

१९५१ : लोकसंख्या सुमारे ३६ कोटी, पेरणीखालील निव्वळ जमीन सुमारे ११.९ कोटी हेक्टर. माणशी सुमारे ३३ आर.

२०११ : लोकसंख्या सुमारे १२१ कोटी, पेरणीखालील निव्वळ जमीन सुमारे १४ कोटी हेक्टर, माणशी सुमारे साडेअकरा आर.

पेरणीखालील जमीन १९७० पर्यंत वाढत गेली आणि त्यानंतर ती १४ कोटी हेक्टरच्या आसपासच स्थिरावली, हेही सांगावे. म्हणजे देशाच्या शिवाराची हद्द तेव्हाच लागली होती. उलट आहे त्या जमिनीतूनही वजाबाकी चालूच असते. अमरावती, अकोला यांसारख्या शहरांभोवतीची शेते अकृषक होऊन त्यांवर घरे उभी राहतात. रस्ते, कारखाने, धरणांचे जलाशय यांना जमीन लागते. यांपैकी पुष्कळ गोष्टी गरजेच्या आहेत, हे खरे. पण शहरे बहुधा कसदार जमिनीच्या मध्यभागीच वसलेली असतात, त्यामुळे त्यांच्या वाढीत जाते ती पुष्कळदा उत्तम जमीन, हेही तितकेच खरे.

जमीन थोडी, धान्य चौपट

एवढे ऐकल्यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘गुरुजी, माणशी जमीन तिसऱ्या हिश्शावर आली, तर लोक उपाशी कसे मेले नाहीत?’ हा प्रश्न वर्गातून आला नाही, तर शिक्षकाने तो स्वतः उपस्थित करावा.

१७९८ साली इंग्लंडात माल्थस नावाच्या विचारवंताने असे मांडले की, अन्न वाढते त्याहून माणसे वेगाने वाढतात. म्हणून दुष्काळ व रोगराई अटळ आहे. आपल्या देशात १९६५ व १९६६ ही दोन वर्षे लागोपाठ अवर्षणाची गेली, तेव्हा हे भाकीत खरे ठरते की काय अशी भीती पडली होती. अमेरिकेहून जहाजांनी गहू व मिलो आणून शिधावाटपाच्या दुकानांतून द्यावा लागला. परंतु त्याच सुमारास दुसरे कामही चालले होते. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आपल्या देशात निघाले. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन ठेंगण्या गव्हाचे बियाणे आणण्यात आले. त्या गव्हाच्या कामासाठी नॉर्मन बोरलॉग यांस १९७० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यास स्थापन झाले.

सुधारलेले बियाणे, कालव्याचे व विहिरीचे पाणी, खत आणि पीकसंरक्षण यांचा मेळ बसल्याने देशात अन्नधान्याचा हेक्टरी उतारा १९५०-५१ च्या ५२२ किलोवरून २०११-१२ साली २,०७८ किलोवर गेला, म्हणजे जवळजवळ चौपट झाला. एकंदर धान्य सुमारे ५.१ कोटी टनांवरून सुमारे २६ कोटी टनांवर गेले. आता मुलांनी पुन्हा भागाकार करावा. १९५१ साली माणशी वर्षाला सुमारे १४१ किलो, तर २०११ साली सुमारे २१५ किलो धान्य पिकले. जमीन घटूनही माणशी धान्य वाढले. माल्थसने शेतकऱ्याच्या कष्टाचा आणि संशोधकाच्या बुद्धीचा हिशेब पुरता धरला नव्हता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मात्र हे यश सर्वत्र सारखे पोहोचले नाही. जेथे सपाट जमीन व खात्रीचे पाणी होते, तेथे ते भरभरून आले. पंजाबात पाण्याच्या अतिउपशाने विहिरींची पातळी वर्षानुवर्षे खाली जात राहिली. आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात काळीभोर जमीन आहे, पण भूगर्भातील पाणी खारे, म्हणून विहीर खणूनही उपयोग नाही. तेथे पावसाचे पाणी शेततळ्यात साठविणे हाच मार्ग आहे. आणि सेमाडोहच्या उतारावर तर नव्या शेतीचे पुष्कळसे उपाय लागूच पडत नाहीत. तेथे पहिले काम माती जागेवर ठेवण्याचे आहे. बोटभर सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात आणि उघड्या उतारावरून ती काही पावसाळ्यांत वाहून जाते. उताराला आडवी नांगरणी व पेरणी, समपातळीचे बांध, बांधावर गवत, ओहोळात दगडांचे लहान बंधारे ही कामे दिसावयास साधी आहेत, पण उताराच्या शेतीचे सारे भवितव्य त्यांवर अवलंबून आहे.

वन तोडून शेत वाढवावे काय?

सेमाडोहच्या वर्गात हा प्रश्न हमखास निघतो आणि तो टाळू नये. सभोवती एवढे रान असताना त्यातील थोडे मोडून पेरले तर काय बिघडले?

याचे उत्तर पाण्याच्या वाटेने द्यावे. सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार या मेळघाटातील नद्या तापीस मिळतात. दक्षिण उताराचे पाणी चंद्रभागा, शहानूर, वान या नद्यांनी पायनघाटात उतरून पूर्णेस जाते. शहानूर व वान या नद्यांवरील धरणांतून मैदानातील कितीतरी गावांस पिण्याचे पाणी मिळते. रानातील पालापाचोळ्याची गादी पावसाचे पाणी धरून ठेवते व सावकाश सोडते. मेळघाटचे वन हा एका अर्थी वऱ्हाडच्या मैदानाचा रांजण आहे. तो फोडून त्याच्या खापरांत धान्य पेरले, तर वरचे शेत चार-सहा पिकांत धुपून जाईल आणि खालच्या शेताचे पाणी आटेल. शिवाय वाघापासून वाळवीपर्यंत जे जीव या वनात राहतात, त्यांनाही जागा राहणार नाही.

परंतु उत्तर येथेच संपविले तर ते अर्धे राहील. वन राखल्याचा लाभ दूरवरच्या गावांस व शहरांस होतो, पण त्याची झळ जवळच्या शेतकऱ्यास लागते. त्याचे शेत वाढत नाही, त्याचे पीक रानडुकरे खातात. म्हणून पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे आणि वनोपजावरील त्याचा हक्क मान्य होणे हे उपकार नसून न्याय आहे. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्यात वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य केले आहेत. मोहाची फुले, चारोळी, तेंदू, कंद, रानभाज्या आणि पावसाळ्यातील आळिंबी यांनी मेळघाटातील माणसाला पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला आहे. वन हे सुद्धा एक न नांगरलेले शेतच आहे, ही गोष्ट मैदानातील मुलांना आवर्जून सांगावी.

पीक आणि पोट

किती जमीन आहे याइतकाच, तिच्यात काय पेरले आहे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मेळघाटच्या हलक्या जमिनीत कुटकी, कोदो, सावा ही बारीक धान्ये पूर्वापार होत आली. ती थोड्या मातीत येतात, पावसाचा ताण सोसतात, आणि नीट वाळवून ठेवली तर पुष्कळ दिवस टिकतात. यांचा उतारा कमी असतो आणि ती कांडण्याचे कष्ट फार, ते बहुतकरून बायकांच्या अंगावर पडतात. हे दोषही लपवू नयेत. विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटत जाऊन सोयाबीन वाढले आणि ही लाट मेळघाटातही चढली. सोयाबीनने रोख पैसा हाती येतो, पण त्याची भाकरी होत नाही. घरात धान्य नसेल आणि बाजारभाव पडला, तर शेतकऱ्याच्या हाती ना पैसा राहतो ना दाणा. म्हणून शेतातील काही भाग घरच्या ताटासाठी राखून उरलेला बाजारासाठी पेरावा, ही जुन्या शेतकऱ्यांची रीत आजही शहाणपणाची आहे. भारताच्या सूचनेवरून राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. बारीक धान्य भरडण्याची लहान यंत्रे गावोगाव पोहोचली, तर त्या वर्षाचा गौरव सेमाडोहच्या घरात उतरेल.

आता पाठाच्या गाभ्याकडे येऊ. १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंच्या वार्तेने सारा महाराष्ट्र हळहळला. लहान मुले कुपोषणाने क्षीण होऊन साध्यासाध्या आजारांत दगावत होती. त्याच १९९३-९४ साली देशात १८ कोटी टनांहून अधिक अन्नधान्य पिकले होते. कोठारे भरत होती आणि मूल उपाशी होते. याचा अर्थ काय? मेळघाटातील घरात पावसाळ्याच्या दिवसांत मागील धान्य संपलेले, नवे अजून शेतात, मजुरी बंद आणि ओढे-नाल्यांनी वाट अडलेली, अशी स्थिती असे. कोवळ्या वयातील मातृत्व, अपुरा आहार आणि दूरचा दवाखाना यांची त्यात भर पडे. मूल एकट्या धान्याच्या टंचाईने मरत नाही. धान्य, मजुरी, औषध आणि वाट या सर्वांच्या टंचाईने ते मरते.

जगाचेही असेच आहे. जगात दरवर्षी सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते. आठशे कोटी माणसांत ते सारखे वाटले तर माणशी दररोज सुमारे ९५० ग्रॅम पडेल. एवढे असूनही २०२३ साली सुमारे ७३ कोटी लोक भुकेले होते, असे राष्ट्रसंघाच्या अहवालात नमूद आहे. पिकलेल्या धान्याचा मोठा वाटा जनावरांच्या खुराकात व इंधनात जातो. जगातील अन्नापैकी सुमारे तिसरा हिस्सा सडून, सांडून किंवा ताटात टाकून वाया जातो, असा अंदाज अन्न व शेती संघटनेने २०११ साली दिला होता. वाया गेलेल्या प्रत्येक भाकरीबरोबर ती पिकविणारी जमीन आणि पाणीही वाया गेले, असे मुलांना सांगावे. जमीन वाढविता येत नाही; पण नासाडी थांबविली तर जमीन वाढविल्यासारखेच होते.

लोकसंख्येविषयी बोलताना शिक्षकाने तोल राखावा. मोठ्या कुटुंबातील मुलास आपण कोणाचे तरी ओझे आहोत असे वाटता कामा नये. मुली शिकल्या, बालके जगू लागली, की कुटुंबे आपोआप लहान होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीस होणाऱ्या मुलांची सरासरी १.७ इतकी आढळली. या बदलात प्राथमिक शाळेचा वाटा मोठा आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा.

वर्गात करून घ्यावयाचे उपक्रम

१. दहा मीटर लांबीची दोरी व चार खुंट्या घेऊन शाळेच्या आवारात एक आर जमीन आखावी. नंतर चौकटीच्या कागदावर एका चौकटीस एक आर मानून ४५ व २१, तसेच ३३ व साडेअकरा चौकटी रंगवाव्यात. रंगविलेल्या भागांची तुलना मुलांनी स्वतः करावी.

२. तेलाचे दोन रिकामे डबे उभे कापून दोन पन्हाळी कराव्यात. दोहोंत सारखी माती भरून एकीवर गवताचा थर द्यावा, दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही सारख्या उतारावर ठेवून झारीने सारखे पाणी घालावे व खाली जमलेले पाणी दोन काचेच्या भांड्यांत धरावे. कोणते गढूळ आहे आणि तळाशी किती माती बसली, हे दुसऱ्या दिवशी पाहावे. बांधावर गवत का लावतात, हे समजावयास यापरते व्याख्यान नको.

३. शालेय पोषण आहारातील टाकून दिलेले अन्न आठवडाभर दररोज वजन करून नोंदवावे. त्यावरून महिन्याचा व वर्षाचा हिशेब काढावा. कोणी टाकले याची नोंद करू नये, किती टाकले याचीच करावी. अन्न का उरले, याचाही विचार मुलांसह करावा.

४. घरातील आजीआजोबांना विचारून, त्यांच्या लहानपणी गावात पेरली जाणारी व आता न पेरली जाणारी पिके मुलांनी लिहून आणावीत. कोरकू मुलांनी पिकांची व रानभाज्यांची नावे आपल्या बोलीतच लिहावीत आणि वर्गास शिकवावीत. त्या दिवशी ते गुरुजी होतील.

येथे एक सूचना अगत्याने करावीशी वाटते. ‘तुझ्या बापाची जमीन किती?’ किंवा ‘आज काय खाऊन आलास?’ हे प्रश्न वर्गात सर्वांसमक्ष कधीही विचारू नयेत. हिशेबासाठी काल्पनिक शेत घ्यावे. ज्या घरात जमीन नाही किंवा सकाळी चूल पेटली नाही, त्या घरचे मूलही याच वर्गात बसलेले असते. त्याची चौकशी शिक्षकाने एकांतात, आस्थेने करावी आणि अंगणवाडी सेविका अथवा आरोग्यसेविका यांना वेळीच कळवावे.

स्वाध्याय

१. सेमाडोहचे शिवार का वाढू शकत नाही? तुमच्या गावचे शिवार वाढू शकेल काय? कारणे द्या.

२. १९५१ व २०११ या सालांचे आकडे घेऊन माणशी जमीन व माणशी धान्य काढा. एक घटले व दुसरे वाढले, याचे कारण सांगा.

३. मेळघाटचे वन तोडल्यास खालच्या मैदानातील शेतकऱ्याचे काय नुकसान होईल?

४. धान्य भरपूर पिकूनही मूल उपाशी राहते, ते कोणकोणत्या कारणांनी?

५. एका घरात रोज ५० ग्रॅम अन्न वाया जाते. अशी १०० घरे असलेल्या गावात वर्षाला किती किलो अन्न वाया जाईल?

समारोप

जमीन ही माणसाने निर्माण केलेली वस्तू नाही. ती त्याला मिळालेली आहे आणि पुढच्या पिढीला द्यावयाची आहे. मागील साठ-सत्तर वर्षांत आपल्या देशाने त्याच जमिनीतून चौपट धान्य काढून दाखविले, हा मोठा पराक्रम होय. पुढील काळात मातीची राखण, पाण्याची साठवण, पिकाची निवड आणि नासाडीला आळा यांवरच भिस्त राहणार आहे. ही कामे मोठी यंत्रे किंवा मोठी धरणे यांच्याच हाती नाहीत. उताराला आडवे तास घालणारा शेतकरी, धान्य वाळवून कणगीत भरणारी गृहिणी आणि ताटात घेतलेले संपविणारे मूल यांच्याही हाती ती आहेत.

होळीनंतर स्थलांतराहून परतलेली मुले पुन्हा वर्गात येतील, तेव्हा हा पाठ त्यांच्यासाठी पुन्हा एकदा घ्यावा, आणि प्रथम त्यांनाच बोलू द्यावे. थोडी जमीन आणि अनेक तोंडे म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नसेल. पण त्याचा अनुभव घेऊनच ती आलेली असतात.